जुन्या यंत्राला जामीन कोण?

समुद्रात उतरणाऱ्या माणसाच्या मनगटावर जे लहानसे यंत्र बांधलेले असते, आणि ज्याला मालवणपासून मुर्डेश्वरपर्यंतचे सगळे पाणबुडे नुसते 'कॉम्प्युटर' म्हणून ओळखतात, ते वीस-पंचवीस वर्षांचे झाले म्हणजे त्याचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. कारखानदार म्हणतो, नवे घ्या. दुरुस्तीची हौस असलेला गृहस्थ म्हणतो, उघडून तर पाहू. आणि ज्याचे ते यंत्र असते तो या दोघांचेही ऐकून घेऊन सेल संपेपर्यंत काहीच करीत नाही. या तिघांच्याही भूमिकेत एक गोष्ट राहून जाते असे मला वाटते. यंत्र चालू आहे की बंद, हे कोणालाही दिसते. ते चुकत असेल तर ती चूक आपल्याला पाण्यात उतरण्यापूर्वी कळेल काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जुन्या डाइव्ह कॉम्प्युटरची दुरुस्ती करावी की करू नये, आणि केली तर कोठपर्यंत करावी, याचा निवाडा या एका प्रश्नावरच व्हावयास हवा, असे माझे म्हणणे आहे.

ते मांडण्यापूर्वी हे यंत्र करते काय, हे थोडे पाहिले पाहिजे. कारण त्याविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज असा की, ते पाणबुड्याच्या शरीरातील नायट्रोजन मोजते. शरीराची त्याला गंधवार्ताही नसते. यंत्र बांधणारा विशीतला आहे की साठी उलटलेला, रात्री नीट झोपला होता की जागरण करून आला आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला ठाऊक असतात त्या मुख्यतः दोनच गोष्टी : भोवतीच्या पाण्याचा दाब आणि गेलेला वेळ. समुद्रात दर दहा मीटरांना दाब सुमारे एका बारने वाढतो, म्हणजे तीस मीटरवर माणूस पृष्ठभागाच्या चौपट दाबाची हवा घेत असतो. त्या दाबाने त्याच्या रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन मुरत जातो, आणि वर येताना तो सावकाश बाहेर पडला नाही तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू आणि प्रसंगी प्राणही धोक्यात येतात. एकोणिसाव्या शतकात ब्रुकलिनच्या पुलाचे पाये नदीच्या तळाशी दाबाच्या हवेने भरलेल्या कोठड्यांतून घातले जात होते, तेव्हा कित्येक मजूर या व्याधीने पछाडले गेले आणि मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच्याही वाट्याला कायमचे आजारपण आले. या व्याधीला गणिताच्या कक्षेत आणण्याचे श्रेय मुख्यतः जॉन स्कॉट हाल्डेन याचे. ब्रिटिश आरमाराच्या कामी बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह त्याने बकऱ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात शरीराचे पाच कप्पे कल्पिलेले आहेत, आणि ते ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटांत अर्धे भरतात असे मानलेले आहे. असे कप्पे शरीरात कोठेही नाहीत. परंतु या कल्पित कप्प्यांच्या हिशेबावर बेतलेल्या कोष्टकांनी हजारो माणसांना धडधाकट घरी पोचविले, आणि आजचे महागडे यंत्रही मुळात तोच हिशेब दर काही सेकंदांनी नव्याने मांडीत असते.

आता या यंत्राची वंशावळ पाहा. १९५९ साली इटलीत निघालेल्या एस.ओ.एस. मीटरमध्ये विजेचा संबंधच नव्हता. एका मऊ पिशवीतला वायू दाबाखाली भाजक्या मातीच्या सच्छिद्र तुकड्यातून झिरपत दुसऱ्या कोठडीत जाई, त्या झिरपण्याचा वेग ऊतींत नायट्रोजन मुरण्याच्या वेगासारखा असावा अशी अपेक्षा होती, आणि काटा त्याप्रमाणे सरके. कल्पना मोठी चतुर, पण एक नग दुसऱ्या नगासारखा वागेल याची शाश्वती नव्हती. १९८३ साली अमेरिकेत 'एज' हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बाजारात आले. ते नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर चाले आणि ती बॅटरी कोणीही बदलू शके. त्याच साली झ्युरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पद्धतीच्या पुढच्या रूपात कप्पे सोळा आहेत आणि त्यांच्या अर्धभरणाच्या मुदती चार मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत पसरलेल्या आहेत. आज दुकानात मिळणारी पुष्कळ नवी यंत्रे त्याच सोळा कप्प्यांवर, थोडाफार फेरफार करून, चालतात. तेव्हा जुने यंत्र शास्त्रदृष्ट्या शिळे झाले, हा युक्तिवाद जाहिरातीत शोभत असला तरी सरसकट खरा नाही. माणसाचे शरीर १९८३ नंतर बदललेले नाही, आणि त्या शरीराविषयीचे आपले अनुमानही, काही सुधारणा वगळता, मुळापासून पालटलेले नाही. रंगीत पडदा, हवेच्या बाटलीतला दाब बिनतारी वाचण्याची सोय, भ्रमणध्वनीशी सलगी, या सोयी आहेत. जीव वाचविण्याच्या हिशेबात त्यांची भर फारशी नाही.

मग जुने होते ते काय? रबर, धातू आणि सेल. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत होड्या बंद असतात आणि सगळे सामान पेटीत पडून राहते. त्या चार महिन्यांच्या दमट हवेत, शेवटच्या बुडीनंतर गोड्या पाण्यात नीट न भिजविलेल्या यंत्राच्या बटणांखाली मिठाचे बारीक खडे बसतात, स्प्रिंग गंजते आणि ऑक्टोबरात बटण दाबले की ते आतच राहते. हे टाळावयास कोणतेही कौशल्य लागत नाही. यंत्र कोमट गोड्या पाण्यात चांगले भिजवावे, वाळविताना हवेच्या झोताचा मोह धरू नये, आणि दाबमापकाच्या छिद्रांत सुई तर कधीच घालू नये. कारण आतमध्ये मऊ जेलाच्या थराखाली सिलिकॉनचा जो पातळ पडदा दाबाने किंचित वाकतो, त्यावरच सारी इमारत उभी आहे, आणि टोचलेला पडदा बंद पडण्याऐवजी खोटे सांगू लागण्याचाही संभव असतो. मच्छर पळविण्याचे मलम हातावर चोळून तोच हात यंत्राला लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, त्यातील काही द्रव्ये प्लास्टिकला पार चिरा पाडतात.

सेल बदलण्याची क्रिया सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण जुन्या यंत्रांचे बहुतेक मृत्यू याच शस्त्रक्रियेत होतात. सुंटो या फिनलंडच्या कंपनीचे 'वायपर' हे एके काळी फार खपलेले यंत्र घ्या. त्याच्या पाठीवर एक गोल झाकण असते, ते एका कड्याने जखडलेले असते. कडे दाबून फिरविले की झाकण निघते आणि खाली तीन व्होल्टचा सीआर २४५० जातीचा चपटा सेल दिसतो. सेल काढण्याची घाई करू नये. आधी भिंग लावून झाकणाची आतली कड पाहावी : पांढुरकी भुकटी, हिरवट डाग, ओलाव्याची पुसट रेघ, यांपैकी काहीही दिसले तर सेलचा विषय तेथेच संपतो आणि पाणी कोठून शिरले हा नवा विषय सुरू होतो. काही नसेल तर झाकणाखाली पाणी अडविणारे जुने रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग, काढून फेकून द्यावी. ती कितीही नवीसारखी दिसो, वर्षानुवर्षे दाबलेली राहिल्याने तिचा काप गोल न राहता चपटा झालेला असतो आणि बोटाला तो जाणवतोही. नव्या रिंगेवर सिलिकॉन ग्रीसचा हात इतका हलका फिरवावा की रिंग चकचकेल पण बोटाला गोळा लागणार नाही, कारण जास्तीचे ग्रीस पाणी अडवीत नाही, उलट वाळू धरून ठेवते. पेट्रोलियम जेलीने काही जातींचे रबर फुगते, म्हणून घरात आहे ती लावू हा विचार सोडावा. शेवटी झाकण बसविण्यापूर्वी खाच पुन्हा एकदा उजेडात तिरपी धरून पाहावी. एक केस, कापसाचा एक तंतू आडवा राहिला असेल तर पाणी त्याच वाटेने येईल.

येथे एक गोष्ट अशी आहे की जी ऐकून बहुतेकांना नवल वाटते. ओ-रिंग खोल पाण्यापेक्षा उथळ पाण्यात अधिक दगा देते. खोलीवर पाण्याचा दाबच झाकण आत ढकलतो आणि रिंगेला खाचेत घट्ट बसवितो. पहिल्या एक-दोन मीटरांत मात्र तो कैवारी नसतो, तेथे रिंगेला केवळ आपल्या स्वतःच्या ताणावर पाणी थोपवावे लागते, आणि चपटी झालेली रिंग नेमकी तेथेच हार खाते. म्हणून तीस मीटर सोसलेले यंत्र होडीच्या शिडीशी, पोहता पोहता, पाणी पिऊन बसते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नवशिक्यांना ज्या उथळ पाण्यात उतरवितात, तेथे जुने यंत्र सुरक्षित आहे असे समजणारा त्याचा शत्रू कोठे बसला आहे हे विसरतो.

आता परीक्षेकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तोच आहे. घरगुती पाण्याच्या फिल्टरचे पारदर्शक भांडे, त्याला बसविलेला वाहनाच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, एक दाबदर्शक आणि सायकलचा पंप, एवढ्या सामग्रीवर पुष्कळ हौशी माणसे दाबाची कसोटी घेतात. भांडे जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरावे, हवेला थोडीच जागा ठेवावी, म्हणजे भांडे फुटलेच तर ते स्फोटासारखे फुटणार नाही. आणि त्याला जेवढा दाब झेपतो असे निर्मात्याने लिहिलेले असते त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबावे. दर्शकावर दोन बार आले की यंत्राने वीस मीटरच्या जवळपास दाखविले पाहिजे. युरोपीय मानकाप्रमाणे एक बार म्हणजे दहा मीटर धरतात. ज्या जुन्या यंत्रांत खाऱ्या किंवा गोड्या पाण्याची स्वतंत्र घनता धरलेली असते त्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, तो दोष नव्हे. चढत्या दाबाचे आणि उतरत्या दाबाचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. ते एकमेकांशी जुळत नसतील, किंवा दाब सोडल्यावर यंत्र शून्यावर येत नसेल, तर त्याचा दाबमापक म्हातारा झाला आहे, आणि हे म्हातारपण कोणत्याही पेचकसाने जात नाही. पाण्याची गळती झाकण कोरडे करून उघडल्यावर दिसते. आकड्याची गळती मात्र अशी रुजवात घेतल्याखेरीज कधीच दिसत नाही.

पडद्याचेही तसेच आहे. जुन्या यंत्रांवरचा प्रत्येक आकडा सात रेघांचा बनलेला असतो आणि या रेघांना वीज पोचविणारी रबरी पट्टी कालांतराने मळते. एखादी रेघ मेली म्हणजे आकडा पुसट होत नाही, तो दुसराच आकडा होतो : इंग्रजी आठाची उजवीकडची वरची रेघ गेली की त्याचा सहा होतो, मधली गेली की शून्य, डावीकडची खालची गेली की नऊ. अठरा मीटरवरचा माणूस सोळा वाचतो आणि त्याला शंका घेण्यास काहीच कारण दिसत नाही. म्हणूनच चालू होताना यंत्र क्षणभर सगळ्या रेघा एकदम उजळून दाखविते. तो क्षण पुष्कळ जण होडीवरच्या गप्पांत घालवितात. रबरी पट्टी आणि तिची दोन्ही टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की बहुधा मेलेली रेघ जिवंत होते. ही दुरुस्ती स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे तिचा ताळा डोळ्यांनी लगेच पाहता येतो.

येथवर मी दुरुस्तीच्या बाजूने बोललो. परंतु यंत्राचा एक भाग असा आहे की जेथे हात पोचत नाही आणि कसोटीही पोचत नाही. युवाटेक या स्विस कंपनीच्या 'अलादीन एअर एक्स नायट्रॉक्स' या यंत्राच्या १९९५ सालच्या सुरुवातीच्या नगांत एक गणिती दोष राहिला होता. दोन बुड्यांच्या मधल्या वेळात माणूस होडीवर बसून साधी हवा घेत असे, पण यंत्र तो अजूनही ऑक्सिजन वाढविलेले मिश्रण घेत आहे असेच धरून चाले. त्यामुळे अंगातला नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा लवकर निघून गेल्याचा हिशेब होई आणि दुसऱ्या बुडीला ते जास्त वेळ देई. ही यंत्रे परत मागविण्याची जाहीर सूचना अमेरिकेत २००३ साली निघाली. असा नग कोणी सुरेख दुरुस्त केला, नवी रिंग घातली, फिल्टरच्या भांड्यात त्याने दशांशापर्यंत बरोबर खोली दाखविली, तरी तो आपल्या मालकाला चुकीच्याच मुदतीत पाण्याखाली ठेवणार. हे उदाहरण माझ्या पक्षाला अडचणीचे आहे, आणि म्हणूनच ते टाळून चालत नाही. जुन्या यंत्राच्या आत त्याच्या काळच्या समजुतीही गोठलेल्या असतात. एके काळी मिनिटाला अठरा मीटर वेगाने वर येणे शिस्तीचे मानले जाई. अमेरिकन नौदलाने १९९३ साली तो वेग निम्म्यावर आणला. ज्या यंत्राच्या स्मरणात जुनी मर्यादा आहे ते नव्या शिस्तीचा भंग होत असताना मुकाट्याने बसेल. यावर उपाय एकच : यंत्र उघडण्यापूर्वी त्याचे दप्तर उघडावे. नमुन्याचे नाव, निर्मितीचे वर्ष, अनुक्रमांक, परत मागविल्याच्या सूचना, मूळ माहितीपुस्तिका, हे सारे मिळते का ते पाहावे, आणि ज्या यंत्राची अशी कैफियत मिळत नाही त्याला कपाटात घड्याळ म्हणून राहू द्यावे.

सेल बदलण्यासंबंधीची आणखी एक बाब याच सदरात येते. पुष्कळ जुन्या यंत्रांत सेल काढताच आधीच्या बुड्यांचा हिशेब पुसला जातो. नवा सेल घालताच यंत्र समजते की हा माणूस कधी पाण्यात गेलाच नव्हता. सकाळच्या बुडीनंतर सेल मावळला, दुपारच्या बुडीसाठी होडीवरच नवा घातला, यंत्र टवटवीत झाले, आणि अंगात मुरलेला नायट्रोजन तेवढा कागदोपत्री माफ झाला. यंत्र येथे बिघडलेले नसते, दुरुस्तीही निर्दोष झालेली असते. धोका केवळ दुरुस्तीच्या वेळेत असतो. शेवटच्या बुडीनंतर निदान एक दिवस, शक्य तर दोन, जाऊ द्यावेत आणि मगच झाकणाला हात लावावा.

आता कारखानदारांच्या भूमिकेकडे. काही जुन्या यंत्रांत सेल डाख देऊन आत बंद केलेला असे. तो संपला की यंत्र कारखान्यात पाठवावे असा दंडक होता, आणि कारखान्याने काही वर्षांनी त्या नमुन्याची सेवा थांबविली की मालकाच्या हातात चांगले चालणारे पण मेलेले यंत्र राही. यामागे केवळ लोभ आहे असे मी म्हणणार नाही. पाण्याखालच्या यंत्राचे झाकण कोणीही उघडू लागला तर अपघाताची जबाबदारी कोणाची, हा कारखानदाराचा सवाल रास्त आहे. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयक जो कायदा केला, त्यात २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी बदलता आली पाहिजे असा सर्वसाधारण नियम घातला, पण मुख्यतः पाण्यात वापरावयाच्या साधनांना सवलत देऊन तेथे हे काम स्वतंत्र कारागिराला करता आले तरी पुरे, असे ठरविले. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते. कारण तिने मालकाचा हक्क थोडा आवळला असला तरी कारखान्याची मक्तेदारी मान्य केलेली नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काची मोहीम सुरू केली, ती शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि वाहने यांपुरती आहे. पाणबुड्यांची संख्याच अल्प, तेव्हा त्यांचे यंत्र त्या यादीत नसावे यात आश्चर्य नाही. पण स्वतंत्र कारागीर तयार व्हावयाचा तर त्याला ओ-रिंगांची मापे, सुटे भाग आणि परीक्षेची रीत कारखान्याकडून मिळाली पाहिजे, आणि आज ती बहुधा मिळत नाही. कारखानदार जबाबदारीचे कारण पुढे करून माहिती रोखून धरतो, आणि माहिती नसलेला माणूस तरीही झाकण उघडतोच. अशा रीतीने ज्या अपघाताची भीती घातली जाते त्याचीच सोय होते.

राहता राहिला प्रश्न दुसऱ्याच्या हाती यंत्र देण्याचा. स्वतः दुरुस्त केलेले यंत्र स्वतःच्या मनगटावर बांधणाऱ्याला त्याचे सगळे गुणदोष ठाऊक असतात, सोबत वेगळा खोलीमापक, घड्याळ आणि कोष्टकाची पाटी ठेवण्याची अक्कलही त्याच्यापाशी बहुधा असते; यंत्र मध्येच मावळले तर सावकाश वर येऊन पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे हे त्याला सांगावे लागत नाही. तेच यंत्र विकले, उसने दिले किंवा भाड्याच्या सामानात टाकले की हे सगळे ज्ञान मागे राहते आणि घेणाऱ्याच्या हाती फक्त एक पेटलेला पडदा जातो. म्हणून रिंग कधी बदलली, कोणत्या दाबाला किती खोली दाखविली, रेघा सगळ्या उमटतात काय, परत मागविल्याची सूचना तपासली काय, याची सहीनिशी नोंद असलेली वही यंत्राबरोबर जावी. डायव्हिंग शिकविणाऱ्या केंद्रांनी हवेच्या बाटल्यांच्या तपासणीच्या तारखा मागाव्यात आणि यंत्रांविषयी काहीच विचारू नये, हा प्रकार मला अजब वाटतो. वही नसेल तर यंत्र भाड्याने देऊ नये. आणि घेणाऱ्याने ती मागितली तर केंद्रचालकाने त्यात आपल्यावरचा अविश्वास पाहू नये.